पंडिता रमाबाईंनी काय धरलं आणि काय सोडलं

आमच्या गावच्या बचत गटाच्या आम्ही सगळ्याजणी पुन्हा तुमच्या भेटीला आलो आहोत. चूल आवरली असेल तर बसा, नसेल आवरली तर भाकऱ्या थापता थापता ऐका.

मागच्या वेळी आम्ही सावित्रीबाईंबद्दल बोललो. त्यानंतर ग्रामसंघाच्या बैठकीत ठरलं की आपल्या खोलीत सावित्रीबाईंच्या शेजारी आणखी एक तसबीर लावायची. कोणाची, यावर नावं निघाली. एकीनं पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं आणि बैठक तिथंच अडकली.

"ती तर बाटली होती," आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या. काकूंचा आवाज मोठा आहे, पण मन वाईट नाही.

दुसरी म्हणाली, "काकू, धर्म ठेवा बाजूला. बायकांसाठी केलेलं काम बघा."

हे आम्हाला सगळ्यांनाच पटण्यासारखं होतं. तेवढ्यात आमच्या गटातली एक ख्रिस्ती बाई बोलली. अकरा वर्षं ती आमच्यात आहे, एक हप्ता चुकला नाही, आणि बैठकीत ती सहसा तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "बाजूला कसा ठेवणार? तिनं सगळं त्याच्यापायीच तर केलं."

मग कोणीच काही बोललं नाही. खरं तर आम्हाला रमाबाईंचं नाव माहीत होतं, शाळेच्या पुस्तकातल्या चार ओळी माहीत होत्या, त्यापुढं काही नाही. म्हणून तसबिरीचा विषय पुढं ढकलला आणि तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली. चार बुधवार आम्ही ती मोठ्यानं वाचली. आज सांगतोय ते त्यातलंच आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी एक धाडस केलं. आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळी बाईनं संस्कृत शिकणं म्हणजे अधर्मच. त्यावरून लोकांचा त्रास झाला, तेव्हा ते सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ नावाच्या जागी, आज कर्नाटकात येतं तिथं, आश्रम करून राहिले. रमाबाई तिथं जन्मल्या. पुढं कर्ज झालं, आश्रम सुटला, आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. गावोगाव देवळात पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर पोट भरायचं. या भटकंतीत आईनं मुलीला शिकवलं. पहाटे उठवून पाठांतर करून घ्यायची. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना पाठ होते असं सांगतात.

मग दुष्काळ आला. अंगमेहनतीचं काम या कुटुंबाला कोणी शिकवलेलं नव्हतं आणि पंडिताच्या घराण्यानं भीक कशी मागायची, ही लाज. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानात गेलं. शेवटी पाला आणि रानफळं खाल्ली. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की आजारी आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला एका घरी गेल्या, तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. हे वाचताना आमच्यात दोघींनी डोळे पुसले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हजारो मैल हिंडले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. पंडिता हे तिचं नाव नव्हे, मिळवलेला मान आहे.

कलकत्त्यातच केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला दिले. आधी पुराणं झाली होती, आता वेद, उपनिषदं, धर्मशास्त्र. रमाबाई पुढं सांगतात की ग्रंथांचं आपापसात अनेक बाबतीत जमत नव्हतं, पण बायका आणि शूद्र यांना कमी लेखण्यात त्यांचं एकमत होतं. पुरुषासारखा मोक्ष बाईला नाही. नवरा हाच तिचा देव, मग तो कसाही असो. ज्या मुलीनं आयुष्यभर धर्म म्हणून पाठांतर केलं, उपास केले, तीर्थं केली, तिला त्याच ग्रंथांत आपली जागा शोधून सापडली नाही. आमच्या काकू इथं म्हणाल्या, "ग्रंथात नसेल, पण विठ्ठलाकडं आहे की. जनाबाईला कुठं कोणी अडवलं?" खरं आहे. काकूंचं हे म्हणणं आम्ही लिहून ठेवलं. पण रमाबाईंचा रस्ता पंढरीहून गेला नाही, पोथ्यांमधून गेला, आणि पोथीत त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ते शूद्र मानलेल्या जातीचे, म्हणून दोन्हीकडचे लोक तुटले. नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये रमाबाईंना लूकचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या चरित्राचा एक भाग, हाताशी लागला. तो आवडला. पण नवऱ्याला त्यांचं तिकडं वळणं पसंत नव्हतं, तेव्हा ते तेवढ्यावरच राहिलं. मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. लग्नाला दोन वर्षंही पुरी नव्हती. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर पोर, माहेर नाही, सासर नाही.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक लिहिलं. सरकारचं शिक्षणावरचं हंटर कमिशन आलं, त्याच्यापुढं साक्ष दिली की या देशाला बायका डॉक्टर पाहिजेत, कारण बाई पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाही आणि तशीच मरते. स्वतः डॉक्टर व्हायचं मनात घेऊन, पुस्तकाच्या विक्रीतून तिकिटाचे पैसे उभे करून, १८८३ साली त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज या गावी ख्रिस्ती सिस्टरांचा मठ होता, तिथं उतरल्या. पुण्यात या सिस्टरांचं काम होतं, ओळख तिथलीच.

डॉक्टर होणं जमलं नाही. त्यांना ऐकू कमी येत होतं, त्यामुळं वैद्यकीचा नाद सोडावा लागला. आणि त्याहून वाईट म्हणजे सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथंच विष घेऊन जीव दिला. परक्या देशात एकच आपलं माणूस, तेही असं गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी आणि लहानग्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

इकडं पुण्यात गहजब झाला. एकटी बाई, खचलेली, दुसऱ्याच्या अन्नावर, म्हणून बाटवली, असं लोक म्हणाले. आम्हालाही वाचताना पहिल्यांदा तसंच वाटलं, खोटं कशाला बोलावं? बाजूनं बोलणारेही होते. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार' काढून रमाबाईंची बाजू घेतली. पण बाजू घेणारे थोडे.

मग रमाबाईंना नेमकं काय दिसलं होतं? त्यांनी ते स्वतः सांगून ठेवलंय आणि ती गोष्ट बायकांची आहे. सिस्टरांनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेलं. तिथं एक घर होतं. ज्या बायकांना जगानं वाईट चालीच्या म्हणून टाकलं, त्यांना त्या घरात ठेवून घेत, सांभाळत, शिकवत. रमाबाई चकित झाल्या. अशा बाईला आपल्याकडं गावात जागा नाही, घरात जागा नाही, विहिरीवर जागा नाही. आणि इथं चांगल्या घरच्या बायका त्यांच्या जखमा धुतात. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ही गोष्ट आमच्या ख्रिस्ती मैत्रिणीनं आम्हाला आपल्या शब्दांत सांगितली. शोमरोनी लोक म्हणजे यहुद्यांनी खालचे मानलेले. त्यांच्या हातचं भांडंही यहुदी वापरायचे नाहीत. भर दुपारी येशू चालून दमला आणि विहिरीवर बसला. एक बाई पाणी भरायला आली. आमच्यातली एक लगेच म्हणाली, "दुपारी? दुपारी कोण पाण्याला जातं? इतर बायका टाळत असतील तिला." गोष्टीत कारण दिलेलं नाही, पण आम्हाला सगळ्यांना पटलं. त्या बाईचे पाच नवरे होऊन गेलेले आणि आता होता तो नवरा नव्हता. येशूनं तिच्याकडं पाणी मागितलं. तीच म्हणाली, तू यहुदी, मी शोमरोनी, माझ्याकडं पाणी कसं मागतोस? पुढं तिनं विचारलं की देवाची भक्ती कुठं करायची, आमच्या या डोंगरावर की तुमच्या यरुशलेमेत? त्यानं सांगितलं की डोंगरावरही नाही आणि यरुशलेमेतही नाही, खरी भक्ती आत्म्यानं आणि खरेपणानं करायची असते. आणि मी कोण आहे, हे त्यानं त्या बाईला उघड सांगितलं. ती घागर तिथंच टाकून गावात धावत गेली.

"घागर टाकून?" काकूंनी विचारलं. घागर टाकून. तसं लिहिलंय.

रमाबाई म्हणतात की हे ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं, बायकांना खरोखर वर उचलेल असा हाच. ही गोष्ट त्यांच्या डोक्याला पटली. पुण्यात नेहेम्या गोरे म्हणून एक ख्रिस्ती झालेले शास्त्री होते, मूळचे नीलकंठशास्त्री, रमाबाईंसारखेच चित्पावन. त्यांच्याशी बोलणं झालेलं होतं, त्यांचं लिखाणही वाचलं होतं. शास्त्री माणसाला शास्त्र्याचंच बोलणं कळतं. असं सगळं मिळून बाप्तिस्मा झाला.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे डोकं गहाण टाकलं नाही, हे आम्हाला फार आवडलं. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. दोघींची पत्रं पुढं १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापली. पत्रं इंग्रजीत आहेत, आम्ही त्यांच्याबद्दल मराठीत जे लिहिलंय ते वाचलं. एकेक पत्र म्हणजे भांडणच. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं आहेत, तर रमाबाई विचारतात की लॅटिन कशाला? आमचं संस्कृत काय वाईट आहे? मांसमच्छर खात नाही म्हणून सिस्टर म्हणतात की हा जातीचा ताठा राहिलाय. रमाबाई सांगतात, मला शाकाहार आवडतो, त्याचा आणि येशूचा काय संबंध? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, हिंदुस्थानात गेल्यावर नाव खराब होईल, असं बिशप लोकांनी कळवलं. रमाबाईंनी उत्तर दिलं की माझी आई तरुण मुलांना शिकवायची तेव्हा वडिलांनी हरकत घेतली नाही, मी शिकवलं तेव्हा नवऱ्यानं घेतली नाही, आणि तुम्ही इंग्रज घेता याचं नवल वाटतं! देव एक की तीन, यावरही वाद घातला. सिस्टरांनी सांगितलं की चर्च म्हणतं तसं मान. रमाबाईंनी लिहिलं की आमच्याकडच्या पुरोहितांचं जू मानेवरून मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता तसलंच दुसरं जू चढवून घेणार नाही.

त्या ख्रिस्ती झाल्या पण साहेबीण झाल्या नाहीत, म्हणूनच दोन्हीकडच्यांना नकोशा झाल्या असाव्यात.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. नात्यातल्या आनंदीबाई जोशी तिथं डॉक्टर झाल्या, तो पदवीचा समारंभ बघायला. राहिल्या मात्र जवळजवळ तीन वर्षं. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली. बॉस्टनला रमाबाई असोसिएशन झाली आणि तिनं दहा वर्षं पैसा पुरवायची हमी घेतली. त्या जोरावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला विधवांसाठी 'शारदा सदन' निघालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथं शिकलेल्या पहिल्या विधवा म्हणजे गोदूबाई. पुढं त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं कबूल केलेलं होतं. रानडे, भांडारकर असे मोठे लोक सल्लागार मंडळात होते.

इथपर्यंत ऐकून कोणीही म्हणेल, झालं की! धर्म निवडला, काम उभं राहिलं, नाव झालं, मग आता आणखी काय हवं? आम्हालाही तसंच वाटलं. पण रमाबाईंनाच तसं वाटलं नाही. त्यांनी पुढं, १९०७ साली, आपली साक्ष लिहिली, त्यात हे आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली तेव्हा, १८९१ च्या सुमाराला, त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही.

हे वाक्य आम्ही तीनदा वाचलं. पहिल्यांदा कळलंच नाही. मग आमच्यातल्या सचिव ताई म्हणाल्या, "आपल्या गटाचं पहिल्या वर्षी कसं होतं आठवा." आठवलं. वही चोख, पासबुक चोख, दर महिन्याला ठराव, सगळ्यांच्या सह्या. अधिकारी येऊन शाबासकी देऊन गेले. आणि एकीचं पोर दवाखान्यात होतं तेव्हा पैसे मागायला ती सावकाराकडं गेली, गटाकडं आली नाही. कारण गट आहे, पण तो आपला आहे, हा भरवसाच नव्हता. नियम सगळे होते. ज्याच्यासाठी नियम, ते नव्हतं.

रमाबाईंचं तसंच काहीसं झालं होतं. ख्रिस्ती धर्मातली चांगली शिकवण त्यांना पटली होती. समता, सेवा, बाईला मान. त्या बुद्धीनं ख्रिस्ती झाल्या होत्या. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं. तो पाद्री कितीतरी दिवस लोकांना उपदेश करत होता आणि एक दिवस स्वतःच व्यासपीठावर उभा राहून बोलता बोलता त्याला कळलं की आपण सांगतोय ते आपल्याला झालेलंच नाही. रमाबाईंना तो आपलाच आरसा वाटला. मग त्यांनी शोध घेतला आणि त्यांना जे उमजलं ते असं: आपल्या चांगुलपणानं, आपल्या विद्येनं, आपल्या सेवेनं तारण होत नाही. मी पापी आहे हे कबूल करून, जशी आहे तशी ख्रिस्ताच्या पदरात पडायचं, आणि तो क्षमा करतो यावर भरवसा ठेवायचा. धर्माचं कलेवर वेगळं आणि त्यातला जीव वेगळा. त्यांच्या लेखी तो जीव म्हणजे स्वतः ख्रिस्त.

आमच्यात सगळ्यांना हे पटलं असं नाही. एक म्हणाली, "एवढी चांगली बाई, ती कसली पापी?" आमच्या ख्रिस्ती मैत्रिणीनं तिला समजावायचा प्रयत्न केला, मग हसून म्हणाली, "मी दर रविवारी देवळात जाते. पण बाईंनी स्वतःला विचारलं तसं मी अजून विचारलं नाही." ती देवळात म्हणते, चर्चमध्ये म्हणत नाही. तिकडच्या जुन्या लोकांचा तोच शब्द आहे.

पटो न पटो, एक मात्र दिसतं. इथून पुढं रमाबाईंच्या वागण्यात राखून ठेवणं संपलं. आणि त्याची किंमतही लगेच द्यावी लागली.

शारदा सदनात त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. टिळकांच्या 'केसरी'नं हा विषय लावून धरला. १८९३ साली सल्लागार मंडळानं राजीनामा दिला आणि वीसहून जास्त मुलींना पालकांनी काढून नेलं. इथं आम्ही खूप वेळ वाद घातला. पालकांचं चुकलं असं आम्हाला म्हणता येत नाही. तटस्थतेचा शब्द दिलेला होता, त्या भरवशावर त्यांनी लेकी पाठवल्या होत्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कोणाला बोलावलं नाही, पण माझी प्रार्थना मी दार लावून करणार नाही. दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. वाईट झालं ते काढून नेलेल्या मुलींचं. त्यांना कोणी विचारलं असेल का?

पुढं रमाबाईंनी तो घोळ ठेवलाच नाही. नवं काम उघडपणे ख्रिस्ती म्हणून काढलं.

ते काम असं उभं राहिलं. पुण्यापासून साधारण साठ किलोमीटरवर, दौंडच्या रस्त्याला केडगाव आहे. तिथं त्यांनी शंभर एकर माळ घेतला होता. फळबाग करायची आणि सदनाला उत्पन्न करायचं, असा बेत. तेवढ्यात १८९६ चा मध्य प्रांतातला दुष्काळ आला. आठवतंय ना, भाकरी मागताना शब्द न फुटलेली मुलगी? तीच आता अडतीस वर्षांची होती. ती बातमी ऐकून त्यांना बसवेना. पैसे नव्हते, जागा नव्हती, तरी गेल्या. अनाथ मुलींना, कोवळ्या विधवांना बायका विकणारे दलाल घेऊन चालले होते, त्यांच्या तावडीतून काढून सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर ठेवलं, आधी तंबूत आणि झोपडीत. त्याचं नाव ठेवलं 'मुक्ती'. प्लेगच्या दवाखान्यात बायकांना कशी वागणूक मिळते याबद्दल १८९७ साली त्यांनी वर्तमानपत्रातून सरकारला सुनावलं, तेही याच धामधुमीत. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तिथूनही मुली आणल्या. तेव्हा मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

मैत्रिणींनो, आपण महिन्यातून एकदा पंचवीस बायकांचा चहा करतो तर साखरेचा हिशेब चुकतो. दोन हजार माणसं, रोज, दोन वेळा! आणि अमेरिकेतल्या असोसिएशनची दहा वर्षांची हमी १८९८ ला संपलेली. मदत पुढंही येत राहिली, पण रमाबाईंचा नेम असा की आधी देवाकडं मागायचं. विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या. मुली माग चालवायला शिकल्या, शिवण शिकल्या, तेलाचा घाणा, धुलाई, छापखाना, सगळं मुलींच्या हातात. आंधळ्या मुलींसाठी वेगळी शाळा होती, तिथं मनोरमाबाईंनी बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली. म्हाताऱ्यांसाठी घर होतं. आणि एक होतं 'कृपा सदन', समाजानं टाकलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला पाहिलेलं घर त्यांनी केडगावात बांधलं, उशिरा का होईना. जात तिथं चालत नव्हती. ब्राह्मणाची विधवा आणि महारामांगाची पोर एका पंगतीत जेवत. १९०० च्या आसपास महाराष्ट्रात हे दुसरीकडं फार कुठं दिसलं असेल असं वाटत नाही.

आम्हाला खटकलं तेही सांगतो. मुक्तीत आलेल्या पोरीपुढं ख्रिस्ती होण्याशिवाय दुसरा रस्ता किती मोकळा होता, हा प्रश्न आम्हाला पडला. उपाशी पोराच्या हो म्हणण्याला किती धरायचं? रमाबाईंच्या बाजूनं एवढंच म्हणता येतं की आपल्याला सगळ्यात मोलाचं वाटलं ते त्यांनी मुलींपासून लपवलं नाही. तरी प्रश्न उरतो. आणि हिंदू देवाधर्माबद्दल त्या पुढं पुढं फार कडक लिहू लागल्या. आमच्या काकूंना ते लागलं, आणि लागणारच.

आता शेवटचं काम. आम्हाला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. त्या वेळी मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा संस्कृतानं जड झालेली. ज्या बाईला भागवत पाठ, तिला ती भाषा जड नव्हती. जड होती ती मुक्तीतल्या पोरींना, शेतात राबणाऱ्या बायकांना. म्हणून या पंडितेनं ठरवलं की मूळ बायबल ज्या भाषांत आहे त्या इब्री आणि ग्रीक भाषा शिकायच्या आणि तिथून सरळ साध्या मराठीत आणायचं. वय पंचेचाळीसच्या पुढं, कानानं ऐकू येईना, दोन हजारांचा संसार पाठीशी, आणि ही बाई नव्या दोन भाषा शिकायला बसली! पंधराहून जास्त वर्षं हे काम चाललं. खिळे जुळवायच्या मुली, छापायच्या मुली, बांधणी करायच्या मुली. त्यातल्या कितीतरी दुष्काळात उचलून आणलेल्या, आल्या तेव्हा अक्षर न ओळखणाऱ्या.

२४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई गेल्या. चाळीस वर्षांची, एकुलती एक लेक, सगळा कारभार जिच्यावर सोपवायचा ती. रमाबाईंनी तरीही मुद्रितं तपासायचं काम सोडलं नाही. काम पुरं व्हावं म्हणून त्यांनी देवाकडं थोडे दिवस मागून घेतले, असं मुक्तीतले लोक सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. बायबल छापून बाहेर पडलं १९२४ साली. ते हातात घेऊन बघायला त्या नव्हत्या.

चौथ्या बुधवारी वाचन संपलं आणि तसबिरीचा विषय पुन्हा निघाला. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला तिचा धर्म पटला नाही. आजही नाही. पण ती अर्धवट कुठंच राहिली नाही, हे खरं." हात वर करून मतं घेतली. बावीस बाजूनं, विरोधात कोणी नाही. काकूंनी हात वर केला नाही. इतिवृत्ताच्या वहीत आम्ही लिहिलं, 'एक सदस्य तटस्थ', आणि त्याखाली काकूंची सही घेतली. तसबीर मात्र काकूंनीच तालुक्याहून आणली, कारण बाजारच्या दिवशी जीपमध्ये जागा त्यांनाच मिळाली होती. काचेला वाटेत एक चीर गेलीये. ती बदलून मिळेपर्यंत तशीच लावलीये.

पुढच्या महिन्यात आम्ही याच वेळी भेटू. तोपर्यंत आपल्या गटाच्या वह्या पुऱ्या करून ठेवा, लेखापरीक्षण जवळ आलंय. नमस्कार.